खुर्द्याची गणती

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पानिपतची बातमी पेशव्यांपर्यंत कशी पोचली हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. ती एका सावकारी पत्रातून आली आणि हिशेबाच्या भाषेत आली. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्या पत्राचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, खुर्दा म्हणजे बाकीची सामान्य माणसे. शाळेत मोत्यांची नावे आम्हाला पाठ असत, मोहरांपैकी चारपाच सांगता येत. खुर्द्यावर परीक्षेत कधी प्रश्न आला नाही.

ज्यांच्या नावाने हे व्याख्यान आहे त्या सरांच्या वर्गात तो आला. सर राज्यशास्त्र शिकवत, पण त्यांचा जीव आकड्यांत. एखाद्याने उत्तरात ‘या युद्धात प्रचंड मनुष्यहानी झाली’ असे लिहिले की सर वही परत देत आणि विचारत, “प्रचंड म्हणजे किती रे?” पोरगा गप्प. मग सर त्या सावकारी पत्राची आठवण काढत. म्हणत, “त्या सावकाराचा प्रामाणिकपणा बघा. खुर्दा मोजला नाही, असं त्याने लिहून तरी दिलं. बाकीचे न मोजता मोजल्याचा आव आणतात.”

आज मला बोलायचे आहे ते या खुर्द्याबद्दल. युद्ध आणि शांतता यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी एक विद्याशाखा गेल्या शतकात उभी राहिली. तिच्यात सिद्धांत पुष्कळ आहेत, वादही पुष्कळ आहेत. त्या सगळ्याच्या तळाशी मात्र मेलेल्या माणसांची एक यादी असते. यादीत कोणाला घ्यायचे हे सिद्धांताच्या आधी ठरलेले असते, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी त्यावरच सगळ्यात कमी बोलतो. विषय अमंगळ आहे. संध्याकाळच्या वेळी तो काढल्याबद्दल क्षमा असावी.

सुरुवात एका हवामानतज्ज्ञापासून करू. लुईस फ्राय रिचर्डसन, जन्म १८८१, न्यूकॅसलचे, घरचा धंदा कातडी कमावण्याचा, पंथाने क्वेकर. क्वेकर म्हणजे शस्त्र हाती धरायचे नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा रिचर्डसन हवामान खात्यात होते. लढायला ते गेले नाहीत, पण घरीही बसवेना. १९१६ मध्ये नोकरी सोडून ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले आणि फ्रेंच फौजेच्या मागून जखमींना वाहून आणू लागले. विश्रांतीच्या तळावर, थंडीत, गवताच्या ढिगावर बसून ते एक अजब गणित करत. २० मे १९१० या दिवशी युरोपात हवा कशी होती याची नोंद त्यांच्याजवळ होती. त्या सकाळच्या आकड्यांवरून पुढच्या सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हे निव्वळ समीकरणांनी काढायचे, सगळे हाताने. उत्तर आले एकशे पंचेचाळीस मिलिबारचा बदल. प्रत्यक्षात त्या दिवशी वायुभारमापकाचा काटा जवळजवळ हललाच नव्हता. इतके सणसणीत चुकलेले उत्तर त्यांनी १९२२ च्या पुस्तकात जसेच्या तसे छापले. आजचा संगणकावरचा हवामान अंदाज त्या चुकलेल्या गणिताच्या वाटेनेच आला आहे. त्या पुस्तकाचे हस्तलिखितही १९१७ च्या एप्रिलमध्ये शॅम्पेनच्या लढाईच्या धामधुमीत हरवले होते. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

युद्ध संपल्यावर ते हवामान खात्यात परतले. १९२० मध्ये ते खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले, तेव्हा राजीनामा देऊन शिक्षकी पेशात आले. वायूचे लोट हवेत कसे पसरतात यावर त्यांचा अभ्यास चालू होता. त्यात सगळ्यात जास्त रस विषारी वायूवाल्या तज्ज्ञांना आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी ते काम थांबवले आणि जे छापले नव्हते ते नष्ट केले, असे त्यांच्या पत्नीने पुढे सांगितले. संशोधनाचे अनुदान मिळवण्यासाठी आपण काय काय करतो ते आठवले की मला हा प्रसंग जरा टोचतो.

१९४० मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या तंत्रमहाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडले. वय साठीच्या जवळ. उरलेले आयुष्य युद्धांची मोजदाद करायची असे त्यांनी ठरवले होते. जवळ विद्यापीठ नाही, मदतनीस नाही, उत्पन्न बेताचे. पुस्तके चाळायची आणि १८२० पासून जगात जिथे जिथे माणसांनी माणसे मारली ते नोंदवायचे.

त्यांनी ‘युद्ध’ हा शब्द बाजूला ठेवला, आणि माझ्या मते त्यांचे सगळे मोठेपण याच एका निर्णयात आहे. युद्ध म्हटले की लगेच वाद सुरू होतात: हे युद्ध की बंड, बंड की दंगल, दंगल की पोलिसी कारवाई? नाव कोणी ठेवायचे? जिंकणाऱ्याने. रिचर्डसन यांनी शब्द घेतला ‘जीवघेणे भांडण’. ज्या भांडणात माणूस मेला ते भांडण यादीत येणार, मग ते दोन साम्राज्यांचे असो की बांधावरच्या दोन भावांचे. अपघात आणि भूकंप वगळायचे. उपासमार आणि रोगराईचे बळी भांडणाचा तात्काळ परिणाम असतील तरच धरायचे, एरवी नाही. हा ‘तात्काळ’ शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

मग मापाचा प्रश्न आला. एका लढाईत किती मेले यावर दोन इतिहासकारांचे एकमत होत नाही. फाळणीचेच घ्या. कोणी दोन लाख म्हणतो, कोणी वीस लाख. यावर त्यांनी तोडगा काढला लॉगचा. अकरावीतली लॉगची कोष्टके ज्यांना आठवतात त्यांना लगेच कळेल. भूकंपाच्या रिश्टर मापासारखेच हे, एक पायरी वर म्हणजे दहापट. हजार मेले तर महत्ता तीन, लाख मेले तर पाच. या पट्टीवर दोन लाख म्हणजे ५.३ आणि वीस लाख म्हणजे ६.३. ज्यावर माणसे हमरीतुमरीवर येतात तो वाद पट्टीवर जेमतेम एका पायरीचा उरला. रिचर्डसन यांच्या यादीत भारतीय उपखंडातल्या १९४६ ते ४८ च्या जातीय दंगली महत्ता सहामध्ये आहेत. त्या पायरीवर जगातली आणखी सहाच प्रकरणे आहेत, त्यांत चीनचे ताइपिंग बंड, अमेरिकेची यादवी आणि स्पेनची यादवी. आपण ज्याला अजून ‘दंगे’ म्हणतो ते तिथे बसले आहे. महत्ता सातमध्ये फक्त दोन नोंदी, दोन महायुद्धे.

पट्टीचे दुसरे टोक आणखी विचार करायला लावणारे आहे. एकाचा लॉग शून्य. एका माणसाचा खून म्हणजे महत्ता शून्य. गल्लीतला सुरा आणि हिरोशिमा एकाच पट्टीवर. तत्कालीन विद्वानांना हे फारच बाळबोध वाटले. पण हिशेब बघा. १८२० ते १९४५ या काळात भांडणांतून मेलेल्यांचा त्यांचा एकूण अंदाज सुमारे ५ कोटी ९० लाख. त्यातले सुमारे ३ कोटी ६० लाख दोन महायुद्धांतले. आणि ९७ लाख खुनांतले, म्हणजे सुटे, एकेकटे. मधल्या सगळ्या लढाया, क्रांत्या, बंडे आणि कत्तली यांच्या वाट्याला उरलेले. बखरी ज्यांनी भरतात ती प्रकरणे बेरजेत मधेच कुठेतरी बसतात.

आता एक तक्ता सांगतो. आकडे आहेत, पण सरांच्या नावाच्या व्याख्यानात आकड्यांना कोणी भिऊ नये. क्विन्सी राइट या अमेरिकन अभ्यासकाने १९४२ मध्ये युद्धावर एक अवाढव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली १५०० ते १९३१ या ४३२ वर्षांची यादी रिचर्डसन यांनी घेतली आणि साधा प्रश्न विचारला: एका वर्षात किती युद्धे सुरू झाली? २२३ वर्षे अशी निघाली की एकही युद्ध सुरू झाले नाही. एक सुरू झाले अशी १४२, दोन अशी ४८, तीन अशी १५, चार अशी ४. पॉयसाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचे एक सूत्र आहे. निव्वळ योगायोगाने, एकमेकांशी संबंध नसताना घडणाऱ्या विरळ घटनांना ते लागू पडते. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने दरवर्षी किती शिपाई मेले ते या सूत्राने बरोबर सांगता येते, हे १८९८ मध्येच दाखवून झाले होते. रिचर्डसन यांनी युद्धांना तेच सूत्र लावले. शून्य युद्धांची वर्षे सूत्राप्रमाणे २१६ यायला हवीत, होती २२३. एका युद्धाची १५० यायला हवीत, होती १४२. लाथ आणि युद्ध, सूत्र एकच.

याचा अर्थ युद्धे विनाकारण होतात असा नाही. प्रत्येक लाथेलाही कारण असते, घोड्याला विचारावे. अर्थ इतकाच की सगळे जग एकत्र धरले तर युद्धांना ऋतू नाही. ‘फार वर्षे झाली, आता होणारच’ हे खोटे, आणि ‘फार वर्षांत झाले नाही, आता होणार नाही’ हेही तितकेच खोटे. स्टीव्हन पिंकर यांनी २०११ मध्ये माणूस दिवसेंदिवस कमी हिंसक होत चालल्याचे जाडजूड पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धानंतरची दीर्घ शांतता हा त्यातला मोठा पुरावा. २०१८ मध्ये एरन क्लॉसेट या संशोधकाने १८२३ ते २००३ ची युद्धे तपासून दाखवले की ही शांतता योगायोगापेक्षा वेगळी आहे असे म्हणायला ती आणखी शंभर ते एकशे चाळीस वर्षे टिकावी लागेल. तोवर थांबायला इथे कोणाला सवड आहे असे दिसत नाही.

आणखी एक गंमत सांगून रिचर्डसन यांना सोडतो. ज्या देशाला सीमा जास्त त्याची भांडणे जास्त, असे त्यांना आढळले. मग सीमांची लांबी मोजायला बसले. स्पेन म्हणतो पोर्तुगालशी आपली सीमा ९८७ किलोमीटर, पोर्तुगाल म्हणतो १२१४. सीमा तीच, पट्टी वेगळी. पट्टी जितकी आखूड तितके नदीचे वळण न् वळण मोजले जाते आणि लांबी वाढत जाते. रिचर्डसन १९५३ मध्ये गेले. हे टिपण त्यांच्या मागे, युद्धांच्या पुस्तकाची पुरवणी म्हणून, १९६१ मध्ये छापले गेले. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी ते वाचले आणि १९६७ मध्ये ब्रिटनचा किनारा किती लांब, हा जगप्रसिद्ध लेख लिहिला. फ्रॅक्टल भूमितीची सुरुवात तिथली. पुरवणी जगभर गेली, मूळ पुस्तक ग्रंथालयाच्या फळीवर राहिले.

ते मूळ काम तरी कसे वाचले? हयातीत प्रकाशक मिळेना, म्हणून रिचर्डसन यांनी ते मायक्रोफिल्मवर काढून ठेवले होते. १९५४-५५ मध्ये त्यांचा मुलगा स्टीफन कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन केंद्रात वर्षभर होता. त्याने त्या फिती तिथे नेल्या. तिथल्या केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने, योगायोगाने हेही क्वेकर, त्या पाहिल्या आणि त्यांचे डोळे उघडले. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठातून संघर्षांच्या सोडवणुकीला वाहिलेले एक नियतकालिक निघाले, त्यामागे बोल्डिंग होते. १९५९ मध्ये ऑस्लोत योहान गाल्टुंग यांनी शांतता संशोधन संस्था काढली. १९६३ मध्ये मिशिगनमध्येच डेव्हिड सिंगर यांनी १८१६ पासूनच्या युद्धांची पद्धतशीर यादी करायला घेतली. या विषयातला कोणताही प्रबंध उघडा, आकडे बहुधा सिंगर यांच्या प्रकल्पातले असतात.

आणि इथे पट्टी बदलली. सिंगर यांना शून्यापासून मोजणे परवडणारे नव्हते. त्यांनी उंबरठा घातला: रणांगणावर एक हजार सैनिक मेले तर युद्ध. सैनिक, नागरिक नव्हे. दुसरा उंबरठा देशांचा. १९२० पूर्वी ‘देश’ म्हणून गणले जायला दोन अटी होत्या, लोकसंख्या किमान पाच लाख, आणि लंडन व पॅरिस या दोन्ही ठिकाणच्या सरकारांनी आपला राजदूत किंवा निदान प्रभारी तिथे नेमलेला असणे.

आता आपल्याकडे या. खडकी, कोरेगाव, आष्टी. १८१७-१८ चे इंग्रज-मराठा युद्ध. ते या यादीत आहे, अगदी सुरुवातीच्या नोंदींत आहे. पण देशादेशांच्या युद्धांत नाही. ते ‘व्यवस्थेबाहेरचे युद्ध’ या रकान्यात आहे. कारण पेशव्यांच्या राज्याला पॅरिसची वकिलात नव्हती. १८५७ ही त्याच रकान्यात. नुसत्या रकान्याची गोष्ट असती तर मी सोडून दिली असती. पण यादीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत व्यवस्थेबाहेरच्या युद्धांत हजाराचा उंबरठा फक्त व्यवस्थेतल्या देशाच्या सैनिकांवरून ठरत असे. म्हणजे गोऱ्या फौजेची, किंवा तिच्या पदरी असलेल्यांची प्रेते मोजायची, समोरच्यांची नाही. पुढच्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. संशोधकांनी ती स्वतः मान्य केली, हे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. पण मधल्या काळात त्या आकड्यांवर किती प्रबंध झाले असतील! त्यांतला खुर्दा आमचा होता.

उंबरठ्याने आणखी काय होते ते कारगिलवरून दिसेल. लोकशाही देश एकमेकांशी युद्ध करत नाहीत, हे आमच्या विषयातले लाडके विधान. नियम म्हणावा असे आंतरराष्ट्रीय राजकारणात काही असेल तर हेच, असे १९८८ मध्ये जॅक लेव्ही यांनी लिहिले आणि ते वाक्य त्यानंतर हजारदा उद्धृत झाले. मे १९९९ मध्ये पाकिस्तानात नवाझ शरीफ यांचे निवडून आलेले सरकार होते, आपल्याकडे वाजपेयींचे. म्हणजे कारगिल हे युद्ध असेल तर नियमाला अपवाद, चकमक असेल तर नियम शाबूत. आपला अधिकृत आकडा ५२७. पाकिस्तानी लष्कराच्या संकेतस्थळावर ४५३ जणांची यादी झळकल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. करा बेरीज. ९८०. हजाराला वीस कमी. सिंगर यांच्या प्रकल्पाने वेगळे अंदाज धरले, त्यांच्या यादीत कारगिल युद्ध आहे, म्हणून सिद्धांतवाल्यांना तळटीप द्यावी लागते. पण क्षणभर कल्पना करा. टायगर हिलच्या कड्यावर वीस माणसे मेली की नाही यावर एका सिद्धांताचे भवितव्य टांगलेले, आणि ती वीस माणसे कोण हे कोणी विचारत नाही.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाने उंबरठा खाली आणला, वर्षाला पंचवीस मृत्यू. शिवाय सरकारचा संबंध नसलेल्या टोळ्यांच्या लढाया वेगळ्या मोजल्या आणि नि:शस्त्र लोकांवरचे हल्ले वेगळे. प्रत्येक नोंदीला ते तीन आकडे देतात: किमान, कमाल, आणि त्यांना सगळ्यात विश्वासार्ह वाटणारा अंदाज. ही तीन रकान्यांची पद्धत मला फार सभ्य वाटते. त्या सावकाराला ती आवडली असती.

ही पद्धत शिकवायला निवृत्तीच्या आधीची दोनतीन वर्षे मी एम.ए.च्या वर्गाला एक काम देत असे. सरहद्दीवरच्या एका चकमकीची जुनी बातमी, चार वाक्यांची. पहिले वाक्य, शत्रूचे अनेक जवान ठार. दुसरे, आपले मोजके जखमी. तिसरे, मृतांचा आकडा पन्नासच्या घरात असल्याचे सूत्रांनी सांगितले. चौथे सांगतो नंतर. प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता पत्रक भरायचे. ‘अनेक’ला एकाने किमान पाच दिले, एकाने वीस. ‘पन्नासच्या घरात’ म्हणजे कोणाचे अठ्ठेचाळीस, कोणाचे पंचावन्न. सूत्रांवर विश्वास नसलेल्या एका पठ्ठ्याने सरळ दोन लिहिले, मराठीत एकाच्या पुढे सगळे अनेकच म्हणून. व्याकरणाने तो चूक नव्हता. सतरा पत्रकांचे सतरा निकाल आले. एवढे झाल्यावर मी त्यांना सांगत असे की जगातल्या युद्धांचे आलेख तुम्ही बघता ते असल्याच पत्रकांतून येतात. भरणारे हात अधिक सरावलेले असतात, एवढाच फरक.

आता तो ‘तात्काळ’ शब्द. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. जपानी चालून येतील या धास्तीने सरकारने बंगालच्या किनारी भागातला तांदूळ उचलला आणि हजारो होड्या काढून घेतल्या किंवा मोडल्या. पुढच्या वर्षी दुष्काळ. सरकारी चौकशी आयोगाने बळींचा आकडा पंधरा लाख धरला, अमर्त्य सेन यांनी पुढे तो तीस लाखांच्या आसपास नेला. कलकत्त्याच्या फुटपाथवर भाताच्या पेजेसाठी हात पसरून मेलेली बाई दुसऱ्या महायुद्धाची बळी की नाही? गोळी तिला लागली नाही, बॉम्ब तिच्यावर पडला नाही. भांडणाचा परिणाम आहे, पण ‘तात्काळ’ आहे का? होडी नेल्यापासून ती मरेपर्यंत वर्ष गेले. शून्यापासून मोजणाऱ्या रिचर्डसन यांच्या पट्टीवरही तिला जागा मिळेल याची खात्री देता येत नाही.

गाल्टुंग यांचे सगळे भांडण इथून सुरू होते. हा नॉर्वेजियन माणूस तरुणपणी सक्तीची लष्करी सेवा नाकारून सहा महिने तुरुंगात गेला. आर्ने नेस या तत्त्वज्ञाबरोबर त्याने १९५५ मध्ये गांधींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहिले, म्हणजे या विद्याशाखेच्या युरोपीय शाखेचे एक मूळ साबरमतीपर्यंत येते. १९६९ च्या लेखात त्यांनी ‘संरचनात्मक हिंसा’ हा शब्द रूढ केला. उदाहरण क्षयरोगाचे. अठराव्या शतकात क्षयाने मेलेला माणूस हा हिंसेचा बळी नव्हे, कारण औषधच नव्हते. आज औषध असताना तो मेला तर ती हिंसा आहे, मारणारा कोणी दिसला नाही तरी. बंदूक थांबली ही अर्धी शांतता, ‘नकारात्मक’. पूर्ण शांतता म्हणजे त्या क्षयरोग्याला औषध मिळणे.

बोल्डिंग यांना हे पटले नाही. १९७७ मध्ये त्यांनी ‘गाल्टुंग यांच्याशी बारा स्नेहपूर्ण भांडणे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. जगातल्या साऱ्या दु:खाला हिंसा म्हटले तर युद्ध नावाच्या वेगळ्या रोगावर उपाय कोण शोधणार, असा त्यांचा रोख होता. मी वर्षानुवर्षे या दोघांच्या मधे लोंबकळलो. शिकवताना बोल्डिंग सोयीचे. परीक्षेत प्रश्न काढायला गाल्टुंग सोयीचे, मुलांना लिहायला भरपूर सुचते. आज विचाराल तर सांगेन, यादीपुरते मी बोल्डिंगकडे झुकतो. सगळेच मोजायला निघालेली यादी शेवटी काहीच मोजत नाही. पण त्या बंगाली बाईपाशी आलो की हे मत डळमळते, आणि ते डळमळलेलेच मी तुमच्यापुढे ठेवतो आहे.

शेवटचा मुद्दा नावांचा. बोस्नियातले युद्ध १९९२ ते ९५. दोन लाख मेले, अडीच लाख मेले, असे आकडे त्या काळात जगभर फिरत होते. युद्धानंतर साराजेव्होतल्या एका दस्तऐवज केंद्राने, मिर्साद टोकाचा यांच्या नेतृत्वाखाली, वेगळेच काम सुरू केले. आकडा नको, नाव हवे. प्रत्येक मेलेल्या किंवा बेपत्ता माणसाचे नाव, गाव, सैनिक की नागरिक, कधी, कुठे. २००७ मध्ये त्यांनी यादी मांडली: ९७,२०७ नावे. सैनिक ५७,५२३, नागरिक ३९,६८४. लोक खवळले. आमचे दोन लाख निम्म्यावर आणले, म्हणजे आमचे दु:ख कमी केले, असे ज्यांची माणसे सर्वाधिक गेली त्या बोस्नियाक समाजातलेच काही म्हणू लागले. प्रत्यक्षात यादीने त्यांचीच बाजू पक्की केली होती. मारल्या गेलेल्या नागरिकांत त्र्याऐंशी टक्के बोस्नियाक होते, आणि आता ते नावानिशी सांगता येत होते. दोन लाख नाकारणे कोणालाही सोपे होते. एकेक नाव गावासकट नाकारणे फार जड जाते. दशकभरापूर्वी मेलेल्या एकेका माणसाचे घर शोधत फिरणाऱ्या त्या कार्यकर्त्यांनी कोणता सिद्धांत मांडला नाही. मला मात्र आमच्या विषयातले ते सर्वांत भक्कम काम वाटते.

वर्गातल्या बातमीचे चौथे वाक्य राहिले. चकमक चालू असताना जवळच गुरे चारणारा एक गुराखी गोळी लागून मरण पावला. बातमीत त्याचे नाव नव्हते.

एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, याला कुठे टाकू?” मी म्हटले, “सिंगर यांच्या नियमाने टाकायचाच नाही, तो सैनिक नाही. उप्सालाच्या नियमाने टाकता येईल. रिचर्डसन यांनी टाकला असता. तू ठरव.” तिने खाली मान घालून वेगळी ओळ आखली. तास संपल्यावर पत्रके गोळा केली, घरी येऊन चाळली. तिच्या पत्रकावर शेवटी गुराख्याची ओळ होती: किमान १, कमाल १, अंदाज १. सतराही पत्रकांत तिन्ही रकाने जुळलेली तेवढी एकच ओळ होती.